घाऊक माफी

आमचे मामू ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. बोलतातही तसेच: पहिला गिअर, दुसरा गिअर आणि मग एकदम हॉर्न. कुठलंही वाक्य "म्हणजे कसं आहे" असं सुरू करायचं, दोनदा घसा खाकरायचा आणि शेवटी समोरच्याचीच चूक काढायची. विद्यार्थ्याने ब्रेक उशिरा दाबला तर विद्यार्थी बावळट. मामूंनी उशिरा दाबला तर "पुढच्याला अक्कल नको?" मामींचा चहा बिघडला तर मामींचं लक्ष नाही. मामूंनी स्वतः चहात मीठ टाकलं तर "डबे कोणी हलवले?" या माणसाच्या हातून जन्मात एक चूक झालेली नाही. झाल्या त्या सगळ्या त्यांच्या आसपास झाल्या.

तर असे हे मामू हजला निघाले. निघण्याआधी ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडून माफी घ्यायची असते. मामू माफी गोळा करायला असे बाहेर पडले, जणू कुठे सेल लागलाय. न्हाव्याची घेतली, औषधवाल्याची घेतली, वरच्या मजल्यावर कालच राहायला आलेल्या जोडप्याचीही घेतली.

"म्हणजे कसं आहे, कळत-नकळत काही झालं असेल तर माफ करा."

"अहो, पण आपली ओळख आत्ता होतेय."

"असू द्या. पुढचंही त्यातच धरा."

ज्यांचं मामूंनी काही बिघडवलं नव्हतं त्या सगळ्यांनी मोठ्या मनाने माफ केलं. राहिल्या फक्त मॅडम.

मॅडम म्हणजे स्कूलमध्ये गाडी शिकवणाऱ्या बाई. आवाज थंड, चष्मा नाकाच्या टोकावर. "घाबरू नका, रस्ता कुठे पळून जात नाहीये," एवढं म्हणाल्या की थरथरणारा माणूससुद्धा क्लच नीट सोडायचा. बायका तर त्यांचंच नाव सांगत यायच्या. गेल्या वर्षी मामूंनी शिकवायची गाडी मागे घेताना दवाखान्याच्या फाटकाच्या खांबावर घातली. दिवा फुटला, डिकी चेपली. घरी येऊन मामींना स्वतःच सांगितलं, त्यामुळे आम्हा घरच्यांना सगळं ठाऊक. आणि सकाळी भरल्या वर्गासमोर चेपलेल्या डिकीवर हात ठेवून म्हणतात कसे, "मॅडम, शिकवणाऱ्यांनीच खांब उडवले तर शिकणाऱ्यांनी काय इमारती उडवायच्या?"

वर्ग खो खो हसला. मॅडम म्हणाल्या, "सर, काल किल्ली मी तुमच्या हातात दिली होती."

"म्हणजे कसं आहे, वाद नको."

खोटं बोलणाऱ्याला शांतता फार प्रिय असते. औषधवाला तेव्हा गाडी शिकत होता. त्याने 'खांबवाली मॅडम' असं नाव काढलं आणि दुकानातल्या प्रत्येक पुडीबरोबर फुकट वाटलं. लोक दुसरा शिक्षक मागू लागले. मामूंनी मॅडमना गाडीवरून उतरवलं आणि मागच्या खोलीत वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता दाखवायला बसवलं. आम्ही घरचे? आम्ही गप्प. मामूंचा मान राखायचा होता ना!

मामू त्या मागच्या खोलीत गेले. "मॅडम, कळत-नकळत..."

"कशाबद्दल, सर?"

"हेच आपलं... सगळंच."

"सगळं केव्हाच माफ केलं. कामावरून उशिरा सोडलंत ते, तावातावाने बोललात ते. एक राहिलंय. ते जिथे बोललात तिथे, तेवढ्याच लोकांसमोर खरं सांगा. मग माफ."

मामूंनी चार वेळा घसा खाकरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामींच्या हाती रेशमी ओढणी पाठवली. ओढणी परत आली. मग खजुरांचा डबा घेऊन मौलानांकडे गेले.

"तुम्ही जरा समजवा त्यांना. एक डिकी चेपली, एवढीशी गोष्ट!"

"एवढीशी आहे तर सांगून का टाकत नाही, भाई?"

"म्हणजे कसं आहे, स्कूलचं नाव जाईल."

"आणि त्यांचं गेलं ते?" मौलानांनी डबा परत मामूंकडे सरकवला. "अल्लाहच्या बाबतीत तुमचं काही चुकलं असेल तर माफी त्याच्याकडे मागा, तो देणारा आहे. पण बाईंवर केलेल्या जुलमाची माफी त्याने बाईंच्याच हातात ठेवलीये."

"जुलूम? जुलूम तर राजेलोक करतात! तलवारी, तुरुंग..."

"खोटा आळ हाही जुलूमच. आपल्याला काय शिकवलंय? कयामतला, हिशेबाच्या दिवशी, एक माणूस नमाज, रोजे, सगळं गाठोडं बांधून येईल. ज्यांच्यावर त्याने आळ घेतला तेही येतील आणि त्याच्या नेक्या उचलून नेतील. गाठोडं रिकामं झालं की आपले गुन्हे त्याच्या डोक्यावर ठेवतील. मला सांगा, तुम्ही हजला कोणासाठी चाललात? मॅडमसाठी?"

मामूंनी खजुरांचा डबा उचलून मांडीवर घेतला.

"आणि ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्या हाकेत आणि अल्लाहमध्ये पडदा नसतो."

"मग त्यांना सांगाल का, निदान मी परत येईपर्यंत हाक मारू नका म्हणून?"

मौलानांनी तोंडावर रुमाल धरला. हसू दाबत होते की रडू, ते कळलं नाही.

निरोपाच्या जेवणाला हॉल भरला होता. जुने विद्यार्थी, शेजारी, औषधवाला, आणि कडेच्या खुर्चीवर मॅडम. मामींनी त्यांना स्वतः जाऊन आणलं होतं. मामूंनी माईक घेतला. "कळत-नकळत काही झालं असेल तर..."

"माफ! माफ!" हॉल गरजला. तेवढ्यात वाढप्यांनी झाकणं काढली, तशा अर्ध्या माना तिकडे वळल्या. मॅडम तेवढ्या गप्प. मामूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मौलानांकडे. मौलाना छताचा पंखा न्याहाळत होते.

"म्हणजे कसं आहे... ती डिकी... तो खांब... तो मी ठोकला होता. मॅडमनी नाही. पण तो खांबही जरा बाहेरच होता, आणि उजेडही..."

"सर," मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "खांबाची माफी नंतर मागा."

एक जण फिस्सकन हसला. मामूंचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. माईक खाली गेला. वाटलं, आता हॉर्न वाजणार. वाजला नाही.

"मी ठोकला. मी खोटं बोललो. तुम्ही हसलात त्या बाईंना, आणि हसवलं मी."

एवढंच. 'म्हणजे कसं आहे' नाही, की घसा खाकरणं नाही.

"माफ केलं," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपासून गाडी मी घेणार."

"घ्या," मामू म्हणाले आणि मटकन बसले.

मघाशी 'माफ! माफ!' ओरडणारा हॉल आता पानात असा डोकं घालून बसला, जणू प्रत्येकाच्या पानातच काहीतरी हरवलंय. औषधवाला मात्र लगबगीने उठला आणि गोडाची वाटी घेऊन मॅडमसमोर उभा राहिला. "मॅडम, घ्या ना. आपलं काय, कळत-नकळत..."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "माईक तिकडे आहे."