बक्षीस न मिळालेलं चित्र

ते प्रकरण कागदोपत्री कधीच मिटलं, पण मला आजही आठवतं. मी तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मंचरजवळच्या एका गावात हातभट्टीची दारू कुठून येते, ते कळत नव्हतं. आम्ही नदीकाठ आणि उसाचे फड तुडवले, दोनदा छापे टाकले आणि दोन्ही वेळा हात हलवत परतलो.

त्याच सुमारास गावच्या शाळेत व्यसनमुक्तीची चित्रकला स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून मला बोलावलं. पोलिसाला चित्रातलं काय कळतं, हे कुणी विचारत नाही. बहुतेक मुलांनी कवट्या आणि बाटल्या काढल्या होत्या. सातवीतल्या एका मुलीनं मात्र दुधाचा टेम्पो काढला होता. त्यातल्या दोन कॅनच्या कडीला लाल चिंधी बांधलेली, आणि कोपऱ्यात ओट्यावर आडवा पडलेला माणूस, एकाच पायात चप्पल. तो तिचा बाप, असं चित्रकलेच्या बाईंनी हळूच सांगितलं. पहिला नंबर तिलाच द्यायचा, असं बाईंनी आणि मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात दूध घ्यायला येणारा टेम्पो आम्ही वाटेतच अडवला. बाकीचे कॅन रिकामे होते, लाल चिंधीचे दोन दारूनं भरलेले. पंचनामा करून टेम्पोवाल्याला ठाण्यात आणलं. चौकशीत त्यानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत, भट्टीची जागाही दाखवली. एवढंच चारदा विचारलं, "टीप कुणी दिली तेवढं सांगा, साहेब."

हा चार दिवसांत जामिनावर सुटणार आणि पुन्हा त्या मुलीच्या दारावरून जाणार, हे उघड होतं. पहिलं आलेलं चित्र शाळेच्या व्हरांड्यात लावायची पद्धत होती. मी चित्र मागून घेतलं आणि नंबर बदलायला लावला. बाई चिडल्या.

"पोरीनं खरं काढलं म्हणून तिलाच डावलायचं?"

त्यांचं बरोबर होतं. तरी मी ऐकलं नाही.

समारंभात मी एका कवटीला पहिलं बक्षीस दिलं. नंतर ती मुलगी जीपपाशी आली.

"साहेब, माझ्या चित्रात काय चुकलं व्हतं?"

"रंग जरा फिके पडले," मी म्हणालो.

"खडू जुने हायेत माझे," ती म्हणाली आणि गेली.

फिर्यादीत मी नेहमीचं वाक्य लिहिलं, गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली. व्यसनाचे तोटे सांगायला आम्ही शाळेत जातो. मुलांना ते आमच्या आधी ठाऊक असतात, हे मी तिथं शिकलो. केल्याचा पस्तावा नाही, पण वाईट वाटतं. ते चित्र माझ्या कपाटात आहे. रंग अजूनही फिके पडलेले नाहीत.