डुकराच्या कानातलं पत्रक

डुकराला सलाईन कानातल्या शिरेतून देतात. कान वाकला की सुई निसटते, म्हणून कानाच्या खोलगट भागात कापडाची गुंडाळी ठेवून वरून चिकटपट्टी लावतात. हे मला प्रयोगशाळेत कळलं. मी तिथे डुकरांवरच्या यकृतरोपणाचा निषेध करायला गेले होते. "आधी बघा, मग ओरडा," म्हणत भूलतज्ज्ञ बाईंनी मला गाऊन चढवून आत उभं केलं.

मध्येच ती गुंडाळी घसरली. बाईंनी माझ्या हातातलं निषेधाचं पत्रक ओढून घेतलं, गुंडाळलं आणि कानात बसवलं. "कागद चांगला जाड वापरता हो."

तेवढ्यात सर्जननी मोठी रक्तवाहिनी चिमट्यात धरली आणि डुकराचा रक्तदाब कोसळला. बाई त्याच सुईतून औषध देत पुटपुटल्या, "राणी, एवढ्यात नाही हं जायचं." पडद्यावरचा आकडा हलेना. ज्यांना मी पत्रकात दगडाच्या काळजाचे म्हटलं होतं, ते सगळे श्वास रोखून उभे होते. मीही. मग आकडा हळूहळू चढला.

माझा निषेध अजून कायम आहे. पण दोन वर्षं डुकरांसाठी पत्रकं वाटतेय, आणि डुकराच्या उपयोगी पडलेलं हे पहिलंच.