थर्माकोलचा पांढरा पट्टा

आक्का बोलण्याआधी तळहात पुढे करायच्या, चौकातला पोलीस करतो तसा. मग म्हणायच्या, "होल्ड!"

चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या काचा तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. शंका आलेल्या मालावर तिथे 'होल्ड'चा पिवळा कागद चिकटवतात. निर्णय होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. निवृत्त होताना आक्कांनी त्या कागदांची गुंडाळीच घरी आणली असावी, कारण चिखलीतल्या आमच्या सोसायटीत पिवळा कागद कुठे दिसेल याचा नेम नसे. जिन्याचा हलणारा कठडा, वाण्याकडचा पापडांचा पुडा, एकदा तर माझ्या साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. "सेक्रेटरीबाई, दाणं कच्चं हायत. होल्ड." शेजारच्या मुलीला बघायला आलेला मुलगाही त्यांनी होल्डवर ठेवला होता. लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे, तरी आक्का म्हणायच्या, "बघू की अजून."

मला याद्या करायची खोड, त्यांना अडवायची. आमचं छान जमलं. बाकीच्यांना त्या कटकट वाटत. आमच्या चेअरमनना तर फारच. तुमच्याही सोसायटीत असे एक चेअरमन असतील: काम निघालं की आधी फ्लेक्स छापायला टाकणारे.

एकदा सभेत ठरलं की खालच्या लॉबीत माशांची मोठी काचेची टाकी ठेवायची. आक्का म्हणाल्या, "मी बांधते." चेअरमन लगेच म्हणाले, "काचेची काळजी नको. मेव्हण्याच्या कंपनीत टफन काच रिजेक्ट होऊन पडलीय. एकदम मजबूत. टेम्पोत घालून आणतो."

आमच्या भागात हे नेहमीचंच. कंपनीतून निघालेल्या लाकडी खोक्यांचे देव्हारे होतात, फोमच्या गाद्या होतात. कंपनीचा माल म्हटलं की लोकांचा डोळे झाकून विश्वास.

आक्कांचा तळहात वर. "भाऊ, त्या काचंवर मी जल्म काढलाय. कापायला गेलात की तिची खडीसाखर होती. आन रिजेक्ट कशापायी झाली, ते इचारलं का? साधी काच घ्या, जाड घ्या."

"जाड म्हणजे किती?"

"आधी पाणी किती उंच भरणार ते सांगा. टाकी लांब हाय का आखूड, ते मागनं. उंचीवर दाब वाढतो, दाबावर जाडी ठरती."

चेअरमन हसले. "आक्का, मासे पाळायचेत, धरण नाही बांधायचं."

"फुटल्यावर तेवढंच पाणी धरणावानी येतं, राव."

टाकी पार्किंगमध्ये बांधली. माझ्याकडे यादी, आक्कांकडे काम. काचेच्या सगळ्या कडा घासून घेतलेल्या हव्यात. सिलिकॉन माशांच्या टाकीचंच हवं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीचं औषध असतं, त्याने मासे मरतात. आक्का स्वतःही चुकल्या. बाजूच्या काचा पुढच्या आणि मागच्या काचांच्या मध्ये बसतात, म्हणून मापातून त्यांची जाडी वजा करायची असते. ती त्या विसरल्या. काचा मावेनात. त्यांनी स्वतःच्याच कपाळावर पिवळा कागद चिकटवला आणि काचा पुन्हा कापायला पाठवल्या. त्या अवतारात त्या चहा प्यायल्या. मी इतकी हसले की माझा कप कलंडला.

सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण गेला, तरी त्यांनी पाणी भरू दिलं नाही. "वरनं वाळलंय. आतून वाळू द्या." मग टाकी तिथेच जमिनीवर थर्माकोलच्या जाड शीटवर ठेवून काठोकाठ भरली, भोवती वर्तमानपत्रं पसरली आणि आठवडाभर तशीच ठेवली. कागदाला एक थेंब लागला नाही. मग रिकामी करून लॉबीतल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर आणली. खाली पुन्हा थर्माकोल. "ओटा दिसायला सपाट दिसतो," आक्का म्हणाल्या, "पर बारीक खडा बी तळाला टोचतो. थर्माकोल तो पोटात घेतो." वर पिवळा कागद लावून त्या भाचीच्या साखरपुड्याला आळंदीला गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्घाटन होतं आणि त्याआधी येऊन त्या स्वतः पाणी भरणार होत्या.

दुसऱ्या दिवशी मी हॉलमधल्या खुर्च्या लावून खाली आले, तर टाकी काठोकाठ भरलेली. पिवळा कागद गायब. थर्माकोल जिन्याखाली उभा टेकवलेला.

"हा कोणी काढला?"

"मीच सांगितलं," चेअरमन म्हणाले. "फोटोत खाली पांढरा पट्टा दिसत होता, मॅडम. चांगलं नाही दिसत."

"पाणी काढा. आत्ताच्या आत्ता."

"पाहुणे गेटवर आलेत. शुभ वेळी असं काही बोलू नका."

मी बादली घेऊन परत येईपर्यंत पाहुणे टाकीपुढे जमले होते, आणि 'टक्' आवाज झाला. सुपारी फुटावी एवढाच. टाकीचा तळ या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकला आणि सगळं पाणी पाहुण्यांच्या पायांवर आलं. पूजेसाठी सगळ्यांनी चपला काढलेल्या. तेवढ्यात आक्का रिक्षातून उतरल्या, दारातूनच ओरडल्या, "कुणी हलू नका! पोरं उचला! चपला घाला आधी!" मासे अजून पिशवीत होते म्हणून वाचले. कोणाला खरचटलंही नाही, ते निव्वळ नशीब.

आणि चेअरमन सगळ्यांसमोर काय म्हणाले? "घरगुती कामाचं हे असं होतं. मी आधीच म्हणालो होतो."

म्हणाले होते? कधी? मी तिथल्या तिथे थर्माकोल उचलून आणला आणि घडलेलं सांगितलं. पुढच्या सभेतही सांगितलं. लोक मान हलवायचे आणि जिन्यात भेटले की म्हणायचे, "जाऊ द्या हो, बाईमाणसाने काचेच्या कामात पडावंच कशाला." ज्या बाईने तपासलेल्या काचांमागे बसून ही मंडळी रोज कामाला जातात, तिला! लॉबीत तयार टाकी आली. ती बसवणाऱ्या माणसाने खाली थर्माकोल घातला, तेव्हा चेअरमन शेजारी उभे राहून "हो हो, तो लागतोच" म्हणत होते.

फुटकी टाकी आक्कांनी आधीच लॉबीतून उचलून नेली होती. काही दिवसांनी त्या मुलीकडे पिंपळे गुरवला राहायला गेल्या. मी जायची, आम्ही खूप बोलायचो, पण टाकीचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

या वर्षी त्या गेल्या. सोसायटीतले आम्ही काहीजण मुलीला भेटायला गेलो. चहा झाला आणि चेअरमन जड आवाजात म्हणाले, "टाकीचं आम्ही कधी मनात ठेवलं नाही, ताई. चूक माणसाकडूनच होते."

"कोणाची चूक?" मी म्हणाले. दुःखाच्या घरात आवाज चढवू नये, हे मला कळतं. तरी चढवला. पांढरा पट्टा, फोटो, गायब केलेला कागद, सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

मुलगी शांतपणे उठली. "मागे या," म्हणाली. मागच्या गॅलरीत चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं. तिने चादर काढली. तळ नसलेली टाकी. चारही भिंती एकमेकींना धरून उभ्या, लख्ख पुसलेल्या.

"फुटलेला तळ आईने ब्लेडने सोडवला आणि ही इकडे आणली. दर रविवारी पुसायची. म्हणायची, सोसायटीतलं कुणीतरी सांधे बघायला येईल."

"मला कधी दाखवली नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला कशाला दाखवेल? तुमचा विश्वास होताच की."

चेअरमन गॅलरीच्या दारात उभे होते. "या ना," मी म्हणाले, "बघून घ्या." फोन आलाय म्हणत ते जिना उतरून गेले.

मग मुलगी आणि मी फरशीवर बसलो आणि चारही सांधे वरपासून खालपर्यंत बोटाने तपासले. एकही सुटला नव्हता.