ग्योतोकुच्या चिखलातली निवटी

गेल्या रविवारी मी आईला चिखल दाखवायला नेलं. टोकियोत आलेल्या पाहुण्यांना लोक काय काय दाखवतात... आणि मी चिखल!

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच माझ्याकडे टोकियोजवळच्या ग्योतोकुला आलीय. मी दिवसभर ऑफिसात, तिला भाषा येत नाही. आठवडाभर एकच चाललं होतं... "माझं तिकीट अलीकडचं कर गं."

आमच्या खालच्या मजल्यावर मोरीसान राहतात, सत्तरीच्या बाई. दर उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी नदीच्या मुखाशी जाऊन त्यांचा ग्रुप एक छोटासा मासा मोजतो. इथे तो फार कमी उरलाय. कुठला जीव किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या रेड लिस्टसाठी ही मोजणी कामी येते. "आईंनाही घेऊन या," त्या म्हणाल्या.

आईला त्यांनी घडीची खुर्ची दिली, हातात दुर्बीण दिली. मग आम्ही बघत बसलो... चिखल, खेकडे, पुन्हा चिखल. मासा काही दिसेना. "मागच्या वर्षी इथेच होते," मोरीसान पुटपुटल्या.

मी विचारलं, "मग आता संपले असं लिहायचं?"

"नाही, नाही! एकदा दिसले नाहीत म्हणून तसं म्हणायचं नसतं. पुन्हा यायचं. योग्य महिन्यात, योग्य ओहोटीला, सगळीकडे शोधायचं... त्याआधी तो शब्द वापरायचा नाही."

मी आईला मराठीत सांगितलं. तिने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

आणि एका बिळातून काहीतरी टुणकन बाहेर आलं. डोक्यावर दोन बटबटीत डोळे, पंखांवर रेलून चिखलात सरपटणारं. आई खुर्चीतून उठलीच... "अगं बाई, ही तर निवटी!"

मग तिला थांबवणं कठीण झालं. रेवदंड्याला लहानपणी ती आणि मावशी गुडघाभर चिखलात निवट्या पकडायच्या, हातातून कशा निसटायच्या, आजीचं कालवण कसलं व्हायचं... कालवणाचं भाषांतर करावं की नाही, मला कळेना. शेवटी केलं. मोरीसान पोट धरून हसल्या.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आता किती आहेत?"

आई म्हणाली, "कोण मोजतंय तिकडे..." मग हळूच म्हणाली, "लग्नानंतर मी खाजणाच्या चिखलात गेलेच नाही गं."

घरी आल्या आल्या तिने मावशीला फोन लावला. "निवट्या आहेत का अजून? असतील म्हणू नकोस, जाऊन बघ!" मावशीने गुडघ्यांचं कारण सांगून पाहिलं. आईने ऐकलं नाही.

काल मावशीचा व्हिडिओ आला. हलणारा चिखल, मावशीची धाप... बराच वेळ काहीच नाही. मग एक उडी. तिच्या मागे दुसरी. आणि मावशीचा रडवेला, हसरा आवाज... "ताई, आहेत गं!"

आई फोन घेऊन एकटीच खाली गेली. मी डोकावले तर ती आणि मोरीसान जिन्याच्या पायरीवर बसून रेवदंड्याचा चिखल बघत होत्या. एक मराठीत बोलत होती, एक जपानीत. कुणाचं काही अडत नव्हतं.

जवळचं काही उरलं असेल की नाही, या भीतीने आपण बघायलाच जात नाही. मोरीसान, जाऊन बघायला शिकवलंत... मनापासून आभार.