विमान लांबवण्याची पाच मिनिटं

मुलीच्या तिसऱ्या मुलाखतीसाठी मी केलेल्या यादीत अकरा कामं होती. दहा झाली. अकरावं होतं, भाषण पाच मिनिटांत बसवणं.

आधीच्या दोन ठिकाणी तिला नकार आला होता. ही तिसरी कंपनी कारेगावजवळची, विमानाचे सुटे भाग बनवणारी. मोठं प्रवासी विमान आणखी लांब करावं का, हा पाच मिनिटांच्या भाषणाचा विषय त्यांनी आधीच कळवला होता. आमच्या दौंडच्या घरात मी घड्याळ लावलं, तेव्हा ती अकरा मिनिटं बोलली आणि इंजिनापर्यंत पोचलीही नाही.

रविवारी माझा धाकटा भाऊ न्हावऱ्याहून कांद्याची गोणी घेऊन आला. श्रोता हवाच होता. त्याला खुर्चीत बसवलं.

"मामा, विमान लांबवताना पंखाच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे नवे तुकडे घालतात. पंख आणि कॉकपिट शक्यतो तेच. नवं विमान काढण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि खुर्च्या वाढतात."

"दोन्हीकडं कशाला? मागनंच वाढवायचं की."

"तोल जातो, मामा."

भावाने कलंडलेली गोणी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "मंग समदेच का लांबवत न्हाईत?"

"वजन वाढतं. पंखात आणि इंजिनात ताकद शिल्लक असेल तरच झेपतं, तरी पल्ला कमी होतो. उडताना नाक वर गेलं की लांब शेपूट धावपट्टीला घासायची भीती. आणि तेवढी माणसं रोज मिळायला हवीत."

"शेपूट," भाऊ म्हणाला. "आक्का, ट्रॉलीचं सांगू का हिला?"

"नको," मी म्हटलं.

त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याने उसाची दोन चाकांची ट्रॉली वेल्डरकडून मागच्या बाजूने अडीच फूट वाढवून घेतली होती. चाकं तीच, ट्रॅक्टर तोच. पहिलीच खेप भरून शेतातून डांबरीवर चढताना ट्रॉलीचं शेपूट मातीत रुतलं, पुढचा दांडा वर उचलला आणि निम्मा ऊस कडेच्या ओढ्यात गेला.

"गावानं लई दिवस इमान म्हनून चिडवलं मला," तो म्हणाला. "तवा वाटलं, उगं चिडवत्यात."

मुलीने त्याच दिवशी भाषणाच्या नऊ स्लाइड काढून टाकल्या आणि तिथे मामाच्या मोबाइलमधला त्या ट्रॉलीचा फोटो टाकला. मी यादीत बारावं काम लिहिलं, तो फोटो काढून टाकणं. तिने ते केलं नाही.

मुलाखतीत ती साडेचार मिनिटं बोलली. नंतरचे सगळे प्रश्न ट्रॉलीवर आले. चाकांचा आस ट्रॉलीच्या मध्यापासून किती पुढेमागे, भार कुठे होता, आता ट्रॉली केवढी आहे.

"पुन्हा पहिल्याएवढी," ती म्हणाली.

त्यावर त्यांनी विचारलं, कामावर कधी येता?

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"लागली का गं नोकरी?"

"लागली, मामा."

"मंग काय ठरलं? लांबवायचं का न्हाई?"

"ते या कंपनीत ठरत नाही, मामा. तिथे खुर्च्या विमानाच्या तळाला जोडायचे ब्रॅकेट बनतात फक्त."

"म्हंजी खुर्च्या वाढल्या की तुमचं काम वाढनार?"

"हो."

"मंग लांबवा म्हनावं," भाऊ म्हणाला.