अण्णाची लडी

मी शाळेत ग्रंथपाल होतो. छापलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं, एवढंच खरं मानणारा. आजही तसाच आहे... तरी हे लिहितो आहे.

१९७६ चा मे. मंद्रूपच्या पुढे भीमेचा एक डोह आहे. नदी आटली तरी तो आटत नाही. माझा थोरला भाऊ अण्णा सोलापुरात गिरणीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी आम्ही सायकलींवरून तिथं गळ टाकायला जायचो. कामं ठरलेली — अण्णा दोरी ओढणार, मी मागे बसून आलेली दोरी गोळा करणार. ती पायात गुंतली की मासा उसळताच तुटते. अण्णा एकटा असला की दोरीची लडी घालायचा, गिरणीत सुताची घालतात तशी, अंगठा आणि करंगळीत तिढा देत. मला ती कधीच जमली नाही.

आदल्या उन्हाळ्यात त्याच्या गळाला प्रचंड शिवडा मासा लागला. मी मागे कादंबरी वाचत होतो. दोरी माझ्या पायात अडकली आणि तुटली. अण्णा हसून एवढंच म्हणाला, "पान तरी संपलं का रे?"

त्याच पावसाळ्यात अण्णा काविळीनं गेला.

म्हणून या खेपेला मी एकटा गेलो. पुस्तक न घेता. शिवडा काढल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवून.

काठावरच्या मळ्यातले सिद्धाप्पा म्हणाले, "एकट्याला न्हाय जमायचं, मास्तर. मागं मानूस लागतंय की!"

"बघू."

भर दुपारी दोरीला हिसका बसला. तासभर झुंज... तळहात सोलले, तरी सोडलं नाही. चार वेळा शिवडा उसळून खोल गेला. चारही वेळा दोरी मागून कुठंही न गुंतता सरसर सुटत गेली. मागे बघायला सवडच नव्हती. शेवटी कल्ल्यात हात घालून त्याला वाळूवर ओढला. उभा धरला तर माझ्या छातीपर्यंत येईल एवढा लांब!

सिद्धाप्पा धावत आले. "अबबब!" मग माझ्या मागे बघून म्हणाले, "लडी लई झ्याक घातलीय वो. कवा घातली? दोन्ही हात तर दोरीला हुते."

वळून पाहिलं. माझ्या रक्ताचे डाग पडलेली ओली दोरी... तिढा दिलेली, नीट.

"मला येत नाही," मी म्हणालो.

मासा सिद्धाप्पांच्या घरी दिला. दोरी आपोआप तशी पडली असेल, असं मानून पुढे कितीदा तरी टाकून पाहिली — दर वेळी गुंताच झाला. उलगडा आजही नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी कादंबरीचं ते राहिलेलं पान मात्र वाचून संपवलं.