मुक्कामी गाडीच्या हिरव्या टिकल्या

त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात हातात फाइल घेतलेली बाई दिसली की लोक विचारायचे, ‘‘मॅडम, तुमी कोन्त्या पॅकेजच्या?’’ कापसाचं गणित बिघडून सरकारी मदतीची पॅकेजं आल्यापासून पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली होती. कोणी फॉर्म भरून घेई, कोणी फोटो काढून नेई. मी सांगायचे, पॅकेजची नाही, बसथांब्याची. लोक हसायचे, पण बसायला खुर्ची द्यायचे. हसणाऱ्या माणसाकडून माहिती चांगली मिळते.

मी यवतमाळला एका तंत्रनिकेतनात वास्तुरचना शिकवत होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती मिळाली. विषय होता, सार्वजनिक जागा सुरक्षित राहतील अशा कशा आखाव्यात. नवरा म्हणाला, ‘‘म्हणजे थांब्यावर उभं राहायचे पैसे देतात आता?’’ मी म्हटलं, देतात, आणि वर्षाचा अहवाल पटला नाही तर बंदही करतात. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण मी मात्र ते वाक्य वर्षभर डोक्यात घेऊन फिरले.

कामासाठी मी नेरमधला एक वळणावरचा थांबा निवडला. कॉलेजच्या मुली तिथूनच गावाकडच्या गाड्या पकडत. हंगामात कापसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर विक्रीसाठी रस्त्याच्या कडेला रांग लावून पडून असत, कधी दोन-दोन दिवस. माणसं गाडीखालीच जेवत, झोपत. बसला वाट मिळत नसे, म्हणून ती उशिरा येई. त्यात भारनियमन. दिवस मावळला की सगळा रस्ता एकदम काळा होई आणि मुली उभ्याच असत.

थांब्याला सिमेंटचा निवारा होता. तीन बाजूंनी भिंत, एका बाजूने आत जायची वाट. उन्हापावसासाठी उत्तम. पण एकही मुलगी त्यात उभी राहत नसे. बऱ्याच जणी रस्ता ओलांडून एका गॅरेजसमोर थांबत. गॅरेज एका मुसलमान मेकॅनिकचं होतं आणि त्याची म्हातारी आई दिवसभर दाराशी खाट टाकून बसलेली असे. मुली तिला दादी म्हणत. दादी काही प्रेमळ वगैरे नव्हती. ‘‘खाट पे मत बैठ, दोरी ढिली होती,’’ असं ओरडायची आणि पाच मिनिटांनी स्वतःच सरकून जागा करायची.

माझ्या प्रश्नावलीत ‘भीती वाटते का’ असा प्रश्न होता. सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलं. बोलताना मात्र एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा: अवघड. निवाऱ्यात अवघड वाटते. रांगेजवळून जाताना अवघड वाटते. मी तो शब्द लिहून घेतला आणि कोणत्या गावच्या मुली म्हणतात तेही लिहू लागले, तेव्हा बारावीतली एक मुलगी मला बाजूला घेऊन गेली.

‘‘मॅडम, माह्या गावाचं नाव नका लिहू.’’

‘‘का गं? तुझं नाव तर कुठंच नाही.’’

‘‘गावाचं नाव आलं का झालं. बाबाच्या कानावर गेलं का थांब्यावर अवघड वाटते, तर ते काय थांबा बदलवत नाहीत. कॉलेज बंद करतेत.’’

‘‘असं म्हणाले ते?’’

‘‘म्हनले नाही. माह्या मोठ्या बहिणीचं केलं.’’

तिचे वडील हंगामात नेरच्याच एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला असत. पाळी रात्रीपर्यंत, म्हणून ती एकटी परतायची. मुक्कामी गाडीने, म्हणजे जी शेवटच्या गावाला जाऊन रात्री तिथेच थांबते आणि सकाळी पहिली निघते. ते शेवटचं गाव तिचं. इतर मुली वाटेत उतरून जात.

मी दोन दिवस विचार केला. सुरक्षिततेवर संशोधन करायचं आणि ज्यांच्यासाठी करायचं त्यांचंच बाहेर पडणं त्यामुळे थांबायचं, हा धोका कुठल्याच पुस्तकात मला भेटला नव्हता. शेवटी प्रश्नच बदलला. भीतीचं विचारायचं नाही. फक्त विचारायचं, तू उभी कुठे राहतेस? आणि उत्तर लिहून नाही, टिकली लावून द्यायचं. मी थांब्याचा मोठा नकाशा काढला, जनरल स्टोअरमधून रंगीत टिकल्यांची पाकिटं आणली आणि प्रत्येक गाडीला एक रंग दिला. गावाचं नाव नाही, मुलीचं नाव नाही. दुकानात जे रंग होते ते घेतले. मुक्कामी गाडीला हिरवा आला.

मुलींना ते आवडलं. ‘‘कपाळाले लावू का नकाशाले?’’ असं म्हणत त्यांनी एका दुपारी सगळा नकाशा भरला. टिकल्या गॅरेजपाशी, मारुतीच्या पारावर; निवारा मात्र कोरा राहिला. कोणी काही बोललं नव्हतं आणि तरी सगळं सांगून झालं होतं. मला वाटलं, जमलं.

माझ्या मार्गदर्शकांनी फोनवर अट घातली. नकाशा गावातल्या लोकांसमोर मांडा, त्यांचं म्हणणं घ्या, त्याशिवाय दुसऱ्या वर्षाची शिफारस करता येणार नाही. म्हणून एका शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. चाळीसेक माणसं आली. काही पदाधिकारी, दुकानदार, पालक. जिनिंगची पाळी बदलून काही कामगारही आले. मागच्या रांगेत धुळीने पांढरा झालेला, भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेला एक माणूस बसला होता. चेहरा त्या बारावीतल्या मुलीसारखाच होता.

नकाशा टांगला आणि मी निवाऱ्याबद्दल बोलायला लागले. कोणी निवाऱ्याकडे बघेचना. सगळे रंगांकडे बघत होते.

पुढच्या रांगेतला एक दुकानदार म्हणाला, ‘‘निळे मारुतीच्या पारावर कधीपासून जमून राह्यले बावा?’’

हॉल हसला. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. पारावर निळ्या टिकल्या होत्या, आणि या हॉलमध्ये निळा रंग म्हणजे बौद्ध वस्ती. भगवा म्हणजे आणखी कोणी. आणि हिरवा म्हणजे काय, हे सांगायला नको. वास्तुरचनेची बाई मी, रंग बघून आधी गाडी आठवते. याच जिल्ह्यात जन्मून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

‘‘आन हे हिरवे पाहा,’’ दुसरा एक जण म्हणाला. ‘‘सगळे गॅरेजपाशी. एवढे रोज सांजच्याले कायले जमतात तिथं?’’

या वेळी कोणी हसलं नाही. मेकॅनिक सभेला आलेला नव्हता. एकजण म्हणाला, चौकशी करा लागते. दुसरा म्हणाला, मॅडमनं नकाशात दाखवलं म्हणजे काहीतरी असनच. मी उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर दादीची खाट होती. दोन मिनिटांत माझ्या नकाशाने एक जमाव तयार केला होता, जो कुठेच नव्हता.

गप्प बसले तर ही चौकशी उद्या गॅरेजवर जाणार. बोलले तर त्या मुलीचं कॉलेज बंद. मी रंग गावांना नाही, गाड्यांना दिले होते, एवढाच आधार होता.

‘‘हे रंग माणसांचे नाहीत,’’ मी म्हणाले. ‘‘गाड्यांचे आहेत. कोणत्या गाडीच्या मुली कुठे वाट बघतात, एवढंच आहे यात. पिवळी दुपारची, निळी धरणाकडची.’’

‘‘आन हिरवी?’’

‘‘मुक्कामी.’’

हॉल सैल झाला. कोणी तरी म्हणालं, पोरी होय, आमाले वाटलं काय. निळ्यांवर विनोद करणारा सर्वांत मोठ्याने हसला. मग मागच्या रांगेतून आवाज आला. भुवयांवर कापूस असलेला तो माणूस उभा होता.

‘‘म्हंजे मुक्कामी गाडीच्या पोरी त्या गॅरेजसमोर उभ्या राह्यतात. निवारा सोडून.’’

‘‘हो भाऊ. तिथं एक म्हातारी बसते दिवसभर, म्हणून.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज.’’

‘‘मंग ठीक,’’ तो म्हणाला आणि खाली बसला.

शनिवारी कॉलेजला सुट्टी होती, त्यामुळे त्या ‘मंग ठीक’ने माझे दोन दिवस खाल्ले. मार्गदर्शकांना फोनवर सभेचं सांगितलं, तर ते खूश झाले. म्हणाले, रंगांचा हा प्रसंग प्रबंधात सविस्तर घ्या, फारच बोलका आहे. मी हो म्हटलं. नवऱ्याने विचारलं, शिफारस झाली ना, मग तोंड का असं? मी म्हटलं, एक मुलगी कॉलेजला येते का ते सोमवारी कळेल. त्या मुलीच्या गावी जावं असं मनात आलं, पण फाइलवाली मॅडम दारात उभी राहिली म्हणजे चार घरांना कळणार, आणि मग बापाला माघार घेता येत नाही. नाही गेले. रविवारी दोनदा भाजी करपवली.

सोमवारी पहिल्या बसने यवतमाळहून नेरला पोहोचले आणि वळणावर जाऊन थांबले. मुक्कामी गाडी आली. ओळखीच्या मुली उतरल्या, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून गेल्या. शेवटी ती उतरली. तिच्या मागून एक बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

बाईने मला नमस्कार केला नाही. मुलीला विचारलं, ‘‘कुठं हाय ते म्हातारी?’’

मुलगी गॅरेजकडे निघाली. मी मागून गेले, दुसरं काय करणार. दादी खाटेवर बसून चहात टोस्ट बुडवत होती.

‘‘दादी, ही माय हाय माही.’’

‘‘तो खडी कायकू है? बैठ.’’

बाई खाटेच्या अगदी काठावर बसली. आत जीपखाली पडलेल्या दोन माणसांकडे बघितलं. रांगेतल्या बैलगाड्यांकडे बघितलं. समोरचा कोरा निवारा बघितला, बराच वेळ.

‘‘सांजच्यालेबी इथंच राह्यता का तुमी?’’

‘‘और कहाँ जाऊँ? घुटने ले के बाजार फिरूँ?’’

‘‘जाय तू,’’ बाई मुलीला म्हणाली. ‘‘उशीर होऊन राह्यला. मी हावो सांजेपर्यंत.’’

मुलगी गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. बाई दिवसभर तिथेच राहिली. पिशवीतली भाकर काढून खाल्ली, दादीलाही दिली. दादी म्हणाली, मिर्च कम है. माझ्याशी ती दुपारी एकदाच बोलली: ‘‘मॅडम, माह्या मालकानं सांगितलं, तू पाहून ये. तू म्हनशीन तसं करू.’’

संध्याकाळी गाडी उशिरा आली. लाइट गेले. दादीच्या मुलाने नेहमीप्रमाणे गॅसबत्ती लावून बाहेर टांगली. मुली खाटेभोवती उभ्या होत्या. रांगेतल्या कोणी तरी गाणं म्हटलं, कोणी तरी शिटी वाजवली. बाईने मान वर करून त्या दिशेला बघितलं. दादीने शिवी दिली. शिटी थांबली. बस आली तेव्हा बाईने मुलीला आधी आत ढकललं, मग स्वतः चढली. पायरीवरून म्हणाली, ‘‘उद्या मी नाई येत.’’

एवढंच. मी नाही, की आम्ही नाही? यवतमाळला परत जाताना मी ते वाक्य दोन्ही बाजूंनी उलटून बघितलं आणि काही निष्कर्ष काढला नाही.

मंगळवारी पुन्हा पहिल्या गाडीआधी वळणावर गेले. मुलगी आईशिवाय, एकटी उतरली. दप्तर खांद्यावर घेत सरळ माझ्यापाशी आली.

‘‘मॅडम, पुढच्या बारीले कोन्त्या रंगाच्या टिकल्या आनान?’’

‘‘सगळ्या काळ्या. तो रंग कोणाचाच नाही,’’ मी म्हटलं.

‘‘हो, आनाच,’’ ती म्हणाली आणि कॉलेजकडे निघाली.